वजन उतरवण्याचं दुसरं वर्ष

वजन कसं कमी केलं, हे सांगणारे लेख आपण सगळेच वाचतो. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मधे दहा-बारा किलोंचा फरक. त्यानंतरच्या वर्षी त्या बाईचं काय झालं, हे मात्र कुणी सांगत नाही. आमच्याकडे ते दुसरं वर्ष येऊन गेलं. त्या वर्षात आम्ही कुणाला फोटो दाखवण्याच्या अवस्थेत नव्हतो, म्हणून निदान लिहून तरी ठेवावं असं वाटलं.

आम्ही म्हणजे सोलापुरात एका घरात, एका चुलीवर नांदणाऱ्या दोन जावा. थोरली घर सांभाळते आणि दुपारी शिलाई मशीनवर बसते. धाकटी शाळेत शिकवते. लिहिणारा हात धाकटीचा आहे, पण प्रत्येक परिच्छेद थोरलीला वाचून दाखवला आहे आणि दोन ठिकाणी तिने "हे असं नव्हतं" म्हणून खोडायलाही लावलं आहे. घरात आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, दोघींचे नवरे आणि चार मुलं. एकूण नऊ माणसांचं दस्तरखान.

ऑगस्ट 2023 मध्ये थोरलीच्या रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ज्याला डॉक्टर एचबीएवनसी म्हणतात, ती 6.3 आली. 5.7 पासून 6.4 पर्यंत म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर; 6.5 ला उंबरठा ओलांडला. उंबरठ्याच्या पलीकडे काय असतं, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. अम्मींना वीस वर्षांपासून साखरेचा आजार आहे. 2019 मध्ये त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पुढे चार महिने ती जखम आम्ही दोघींनी आळीपाळीनं धुतली आहे. त्या दिवशी रिपोर्ट घेऊन रिक्षातून परत येताना आम्ही एकमेकींशी बोललोसुद्धा नाही.

तेव्हा थोरलीचं वजन 84 किलो, धाकटीचं 76. पुढच्या दहा महिन्यांत थोरली 73 वर आली आणि धाकटी 68 वर. ते कसं केलं हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवीन काही नाही. चहातली साखर बंद केली. फजरनंतर चाळीस मिनिटं चालायला लागलो. भात एकवेळ, तळण फक्त जुम्याला, रात्रीचं जेवण इशाच्या आधी. चहाचा हिशेब तेवढा मांडण्यासारखा आहे. दोन चमचे साखरेचे पाच कप, म्हणजे साधारण 40 ग्रॅम साखर आम्ही रोज चहातूनच पीत होतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. खारी, नानखटाई, टोस्ट हे त्या 40 ग्रॅमच्या वर.

पहिल्या वर्षी सगळं जग आमच्या बाजूनं होतं. लग्नात भेटणारी प्रत्येक बाई म्हणायची, "माशाअल्लाह, कितने कम हुए!" कुर्ते आत घ्यावे लागत होते आणि ते थोरली स्वतःच्याच मशीनवर हसत हसत घ्यायची. काटा खाली जाताना दिसला की वाटीतली भाजीसुद्धा गोड लागते. अडचण तिथून पुढे सुरू झाली. काटा 73 वर थांबला. आम्ही जे खात होतो तेच खात होतो, जेवढं चालत होतो तेवढंच चालत होतो, पण काटा हलेना. आता कुणी "कितने कम हुए" म्हणेना, कारण आमचं हे रूप लोकांच्या डोळ्यांना सवयीचं झालं होतं.

काटा का थांबतो हे आम्हाला नंतर कळलं, आधी कळलं असतं तर इतकं खचलो नसतो. वजन उतरलं की शरीराची गरजही उतरते. 84 किलोच्या देहाला जेवढं अन्न लागतं तेवढं 73 किलोच्या देहाला लागत नाही. शिवाय शरीर याला दुष्काळ समजतं. भूक वाढवतं आणि खर्चाला कात्री लावतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या स्पर्धेत पन्नास-पन्नास किलो उतरवलेल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा बहुतेकांचं वजन पुष्कळसं परत आलेलं होतं, आणि त्यांच्या शरीराचा रोजचा खर्च अजूनही अपेक्षेपेक्षा कमीच होता. तो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे दुसऱ्या वर्षी जास्त भूक लागते ती आपल्या इमानाच्या कमजोरीनं नव्हे. आम्ही मात्र ती कमजोरीच समजत राहिलो आणि मनातल्या मनात एकमेकींवर नजर ठेवू लागलो. कोण किती खातंय, फ्रिज कुणी उघडला. दोन जावांच्या नात्याला हे बरं नाही.

आता अम्मींबद्दल. हे लिहिताना हात अडखळतो, पण त्यांना विचारूनच लिहितो आहोत.

अम्मी स्वतः साखरेच्या रुग्ण, स्वतःची दोन बोटं गमावलेल्या, पण आम्ही अर्धी भाकरी ताटात परत ठेवली की त्यांचा चेहरा उतरायचा. "खा लो बेटा, मुंह सूख गया तुमारा." मग आमच्या नवऱ्यांना, "बहुओं को दवाखाने में दिखाव, कुछ बीमारी तो नहीं?" ज्या घरात त्या वाढल्या तिथं सात भावंडं होती आणि सगळ्यांना पोटभर मिळायचं ते ईदला. त्यांच्या हिशेबात अंगावर मांस असलेली सून म्हणजे घरची आबरू. आम्ही "नको" म्हणालो की त्यांना ऐकू यायचं, "तुमच्या हातचं नको." पहिल्या वर्षी आम्ही जोरात होतो, वाद घालायचो. दुसऱ्या वर्षी दमलो आणि खाऊ लागलो. वाद घालण्यापेक्षा एक चमचा खीर खाणं सोपं असतं, आणि आठवड्यातून पाच वेळा असं सोपं वाटलं की महिन्याचा एक किलो होतो.

तसंच ताटातल्या उष्ट्याचं. ताट पुसून खावं, रिज्क वाया जाऊ देऊ नये, हे आम्ही लहानपणापासून शिकलो. मुलांनी टाकलेला अर्धा पराठा, तळाशी राहिलेला मूठभर भात, सालनाची शेवटची वाटी, हे सगळं शेवटी आईच्या पोटात. फेकलं तर गुनाह. म्हणून घरातल्या कचऱ्याच्या डब्याऐवजी आम्ही आमचं पोट वापरत होतो, आणि त्याला बरकत म्हणत होतो. एकदा थोरलीच म्हणाली, "इसराफ ताटात होत नाही, पातेल्यात होतो." कुरआनात खाण्यापिण्याची परवानगी आणि उधळपट्टीची मनाई एकाच आयतीत आली आहे, ती आम्ही मुलांना शिकवतो, पण ती तांदूळ मोजताना आठवायची असते हे कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून जुम्याच्या बिर्याणीला सव्वा किलोऐवजी 900 ग्रॅम तांदूळ घेतो. नऊ माणसांत कुणी उपाशी उठलं नाही. उरत नाही म्हणून उरलेलं खावं लागत नाही. आमच्या सगळ्या उपायांत हा एकच असा आहे की जो करायला मनाची ताकद लागत नाही, फक्त वजनकाटा लागतो, तोही स्वयंपाकघरातला.

चालण्याची गोष्ट वेगळी. पुरुषांना वाटतं की चालायला काय लागतं, दोन पाय. आम्हाला पहिल्यांदा बूट लागले. बुरख्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज दिसले की गल्लीच्या कोपऱ्यावरची पोरं हसायची. फजरनंतर अंधार असतो तेव्हा कुत्री असतात, कुत्री पांगतात तेव्हा मुलांचे डबे असतात. सोलापूरचा मार्च-एप्रिल तर सांगायलाच नको. सकाळी आठला ऊन अंगात शिरतं. भुईकोट किल्ल्याच्या बागेत, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला चालायला मोकळं आहे, हवा चांगली आहे, पण आमच्या घरापासून तिथं जायला रिक्षा लागते. चालायला जाण्यासाठी रिक्षा करणं आम्हाला जमलं नाही. आणि नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर चालण्याचा विषयच नाही. त्या दिवशी दोन तास फक्त भरणं, उचलणं, झाकणं. (थोरली म्हणते तोही व्यायामच. कंबर दुखते म्हणजे असेल.) शेवटी आम्ही गच्ची धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 34 पावलं. शंभर फेऱ्या मारायच्या तर डोकं भणभणतं, म्हणून फेऱ्या न मोजता घड्याळ लावून चालतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये अम्मी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे दवाखाना, मग घरी दोन महिने पलंग. एक जण रात्री दवाखान्यात, दुसरी घरी. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून खाल्लेले वडापाव आणि प्यालेला चहा, तोही साखरेचा, कारण टपरीवर बिनसाखरेचा मागायचं त्राण नव्हतं. रात्री दोन-तीन तास झोप. झोप कमी झाली की भूक वाढते आणि ती भूक गोडाची, तळलेल्याची असते, भाजीची नसते. हे तेव्हा अंगानं शिकलो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं आपल्या परीनं मिठाईचा डबा आणला. अम्मींना चालत नाही म्हणून तो डबा आमच्याकडे यायचा. वजन बघायचं आम्ही बंद केलं. काटा पलंगाखाली ढकलला, आणि चार महिने त्याला हात लावला नाही.

या सगळ्यात कुणाची चूक नव्हती. आजारी माणसाची सेवा सोडून कुणी गच्चीवर चालायला जाणार नाही. पण अम्मी उठून बसल्या, हातात वॉकर घेऊन चालू लागल्या, तरी आम्ही उठलो नाही. मनात एकच वाक्य होतं: आता झालंच आहे, तर रमजाननंतर बघू.

रमजान 2 मार्च 2025 ला सुरू झाला. बाहेरच्या लोकांना वाटतं की महिनाभर रोजे म्हणजे वजन आपोआप उतरत असेल. आपल्या घरांत काय होतं ते आपल्यालाच माहीत. असरपासून कढई चढते. भजी, समोसे, कटलेट, वर फळांची चाट, तीत साखर, शिवाय सरबताचा जग. शेजारच्या चार घरांतून चार प्लेटा येतात आणि रिकामी प्लेट परत करायची नाही म्हणून आमच्याकडून चार जातात. रोजा सुटतो तेव्हा पोट भरतं, मगरिबनंतर जेवण, तरावीहनंतर पुन्हा काहीतरी, सहरीला "दिवसभर टिकेल असं" तुपातलं. आणि दिवसा रोज्याचा थकवा म्हणून चालणं नाही. अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात; एका मोठ्या समोशात त्याहून जास्त असतात. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही हदीस धाकटी दर वर्षी शाळेत शिकवते. त्या रमजानात तिसरा भाग आम्ही सरबताला दिला होता.

ईदनंतर काटा बाहेर काढला. थोरली 79, धाकटी 72 आणि वर पाचशे ग्रॅम. वर्षभराच्या कष्टातलं निम्म्याहून अधिक परत आलं होतं. थोरली काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "मग आपण हे केलं कशाला?" याला उत्तर नव्हतं.

पण त्याहून वाईट गोष्ट पुढच्या आठवड्यात समजली. थोरलीची मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीत. अंगानं आईसारखीच. तिच्या डब्यातली चपाती परत येत नव्हती म्हणून आम्ही खूश होतो. एके दिवशी तिची मैत्रीण सहज बोलून गेली की ती डबा रोज दुसऱ्यांना वाटते. रोजेही ती नुसत्या खजूर-पाण्यावर सोडत होती, आणि आम्ही तिला परहेजगार समजत होतो. विचारलं तेव्हा आधी बोलली नाही. मग म्हणाली, "दीड वर्ष या घरात दुसरं काही बोलणंच नाही. कोण जाडी झाली, कोण बारीक झाली. चाची रोज आरशात बघून 'शी' म्हणते. अम्मी म्हणते माझं आयुष्य वाया गेलं, निदान तुझं तरी व्हायला नको. मग मी काय करू?"

ती चक्कर येऊन पडली नव्हती, एवढीच अल्लाहची कृपा. तिला डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन 8.4 निघालं. गोळ्या सुरू झाल्या. पण गोळ्यांनी रक्त भरतं; आम्ही दोघींनी जे बोलून ठेवलं होतं, त्यावर गोळी नव्हती. आम्हाला अम्मींचं "खा लो बेटा" खुपत होतं. आमच्या तोंडून त्याच दस्तरखानावर काय जात होतं, हे आम्ही ऐकलंच नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघी उशिरापर्यंत स्वयंपाकघरात बसलो. प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांच्या शर्यतीचा प्रसंग धाकटीला आठवला. प्रवासात दोघं धावले, तेव्हा हजरत आयशा जिंकल्या. काही काळानं पुन्हा धावले, तोवर त्यांचं अंग भरलं होतं आणि त्या हरल्या, आणि आपण (स.) गमतीनं म्हणाले की मागची फिटली. हा प्रसंग हजरत आयशांनी स्वतःच सांगितलेला आहे, अंग भरल्याचाही उल्लेख त्यांचाच. त्यात शरम नाही, टोमणा नाही. अंग भरलेल्या बायकोबरोबर नवरा धावतो आहे आणि हसतो आहे. आमच्या घरात वजनाबद्दल असं हसून बोललं गेल्याचं आम्हाला एकदाही आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून काटा कपाटात गेला. महिन्यातून एकदा, मुलं शाळेत असताना निघतो. दस्तरखानावर वजन, जाडी, कॅलरी हे शब्द बंद. "शी" बंद. नवऱ्यांनाही सांगितलं. त्यातला एक म्हणाला, "मग मी गप्पच बसतो," आणि दोन दिवस खरंच गप्प बसला.

अम्मींशी बोलायला आम्हाला आणखी महिना लागला. वाद न घालता बोलायचं ठरवलं होतं. त्यांच्या पायाला तेल लावताना थोरलीनं तिचा रिपोर्ट त्यांना वाचून दाखवला आणि म्हणाली, "अम्मी, माझे पाय धुवायला मला सून येईल की नाही माहीत नाही." अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या बदलल्या असं नाही. अजूनही म्हणतात, "इत्ते से क्या होता?" पण आता खीर केली की आम्हाला छोट्या वाटीत देतात, आणि ती वाटी घ्यायला आम्ही नाही म्हणत नाही. दोघींनी थोडं थोडं सोडलं. शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या प्लेटांत आम्ही आता फळं किंवा चण्याची उसळ पाठवतो. एका घरी त्याबद्दल थोडी नाराजी झाली. दुसऱ्या घरून पुढच्या वेळी फळंच आली.

चालणं पुन्हा सुरू केलं ते दहा मिनिटांपासून. चाळीस नाही. अल्लाहला ते काम अधिक आवडतं जे थोडं असलं तरी नेमानं होतं, ही हदीस आम्ही नमाजबद्दल, कुरआन वाचण्याबद्दल ऐकली होती. गच्चीबद्दल तिचा विचार केला नव्हता. दहा मिनिटं इतकी लहान गोष्ट आहे की टाळायला कारण सापडत नाही. पाहुणे आले तरी होतात, पेपर तपासायचे असले तरी होतात. बहुतेक दिवशी ती वीस-पंचवीस होतात. काही दिवशी दहाच. जूनमध्ये बकरी ईदला फ्रीजर भरला, तेव्हा आमच्या वाट्यातलं मांस लहान पिशव्यांत भरून तारखा घातल्या, आठवड्याला दोन. ते ऑगस्टपर्यंत पुरलं. आधी ते पंधरा दिवसांत संपायचं.

आज थोरली 76 वर आहे, धाकटी 70 वर. पहिल्या वर्षाच्या फोटोतल्या बायका आम्ही नाही. पण 84 मधून आठ किलो गेलेले आहेत, आणि अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, जो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला, साधारण सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं हेच लक्ष्य होतं. तेवढ्यानं उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं होतं. 84 चे सात टक्के म्हणजे सहा किलोंच्या आत. तेवढे आम्ही ओलांडले आहेत. हे आधी माहीत असतं तर 73 साठी इतकं रडलो नसतो. थोरलीची साखरेची सरासरी आता 5.9 आहे. उंबरठ्यावरच आहे ती, पण दारापासून जरा मागे सरकली आहे. अल्हम्दुलिल्लाह.

मुलीचं हिमोग्लोबिन 11 पर्यंत आलं. ती आता डबा खाते की नाही, हे आम्ही विचारत नाही, मैत्रीण सांगते. अधूनमधून संध्याकाळी ती गच्चीवर येते, पण चालत नाही. कठड्यावर बसून पुस्तक वाचते आणि आम्ही किती हळू चालतो त्यावर हसते.

आज पाण्याचा दिवस होता, त्यामुळे सकाळचं हुकलं. असरनंतर जायचं ठरलंय. शेजारच्या भाबींनी गच्चीवर चादरी वाळत घातल्यात, त्यातून वाट काढत चालावं लागेल.